‘सराईत’ कोण ठरवतं? वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी दोन ओळी लिहिल्या होत्या, की अमेरिकेत एकाच गुन्ह्याला गोऱ्यापेक्षा काळ्या माणसाला जास्त शिक्षा होते आणि हे तिथला सरकारी आयोगच सांगतो. त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली तेवढी हक्कसोडपत्रावरसुद्धा कधी आली नाहीत, आणि हक्कसोडपत्र म्हणजे आमच्या सदराचं रोजचं भाकरी-पिठलं. तेव्हा हा महिना त्यालाच देते. ‘कृष्णवर्णीय’ हा पेपरातला शब्द माझ्या तोंडात बसत नाही, मी काळे-गोरेच लिहिणार आहे, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कायदा एकच, कलम एकच, जज्जही तोच, मग शिक्षा वेगळी कशी होईल? बाबांशी वाद झाला. ते म्हणाले, ती लोकं गुन्हे जास्त करतात म्हणून शिक्षा जास्त, त्यात काय एवढं. मला नीट उत्तर देता आलं नाही. (एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर)

बाबांचा प्रश्न वाईट नाहीये, उलट पहिला प्रश्न तोच विचारायला पाहिजे आणि तिथल्या आयोगानं तोच विचारला. १९८४ च्या कायद्यानं अमेरिकेत केंद्राच्या कोर्टांसाठी एक शिक्षा आयोग नेमला, काम काय तर एका कोर्टात दोन वर्षं आणि शेजारच्या कोर्टात दहा वर्षं असला गोंधळ थांबवायचा. त्यांनी एक तक्ता केला. एका पानावर मावतो. उभ्या बाजूला गुन्ह्याचं वजन, १ ते ४३. आडव्या बाजूला आरोपीचं जुनं रेकॉर्ड, सहा खाने. २५८ चौकोन होतात, जज्जनं बोट ठेवायचं आणि महिने वाचायचे. उदाहरण सांगते, वजन २० असेल आणि रेकॉर्ड कोरं असेल तर ३३ ते ४१ महिने, तेच वजन २० आणि रेकॉर्ड शेवटच्या खान्यातलं असेल तर ७० ते ८७ महिने. गुन्हा तोच. आडवं बोट सरकलं की शिक्षा दुप्पट. हे आडवं बोट लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

आता २००५ पासून तिथल्या सुप्रीम कोर्टानं हा तक्ता बंधनकारक नाही, सल्ला म्हणून वापरा असं सांगितलं. आणि आयोगानं २०२३ मधे २०१७ ते २०२१ च्या केसेस तपासल्या, गुन्ह्याचा प्रकार, त्याचं वजन, जुनं रेकॉर्ड, वय, शिक्षण असलं सगळं सारखं धरून. तरी काळ्या पुरुषांच्या शिक्षा गोऱ्या पुरुषांपेक्षा १३.४ टक्के लांब निघाल्या, हिस्पॅनिक म्हणजे लॅटिन अमेरिकेकडच्या मुळाच्या पुरुषांच्या ११.२ टक्के. सारखं सगळं धरून बरं का. म्हणजे ‘जास्त गुन्हे करतात’ हे उत्तर इथं चालत नाही, कारण तुलना सारख्याच गुन्ह्याची आहे. आयोगच हेही सांगतो की सगळ्या गोष्टी आकड्यात धरता येत नाहीत, तेव्हा हा आकडा एखाद्या जज्जच्या मनातला द्वेष मोजायची फूटपट्टी समजू नये. ते बरोबरच आहे.

पण त्याच अहवालातली एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. फक्त तुरुंगात गेलेल्यांची तुलना केली की फरक १३.४ वरून ४.७ टक्क्यांवर येतो. मग बाकीचा फरक गेला कुठं? तो आहे आधीच्या पायरीवर, तुरुंगात टाकायचं की देखरेखीवर घरी सोडायचं इथं. काळ्या पुरुषाला घरी सोडण्याची शक्यता २३.४ टक्क्यांनी कमी. म्हणजे किती वर्षं आत राहशील यापेक्षा आत जाशील का नाही इथंच खरी तफावत आहे.

आणि कायदा एकच म्हणतेस, तर कायदा तरी एक कुठं होता. १९८६ मधे त्यांच्या संसदेनं अमली पदार्थांचा कायदा केला. कोकेन दोन रूपांत मिळतं, पांढरी पावडर आणि क्रॅक, क्रॅक म्हणजे तीच पावडर खायच्या सोड्याबरोबर शिजवून केलेले खडे. पावडर महाग, क्रॅक पाच-दहा डॉलरला सुटं मिळायचं, म्हणून गरीब वस्त्यांमधे पसरलं. कायद्यानं काय केलं तर क्रॅक पाच ग्रॅम सापडलं की किमान पाच वर्षं, आणि पावडरीला तीच पाच वर्षं मिळायला ५०० ग्रॅम पाहिजे. गुजरीत, आपल्या सराफांच्या पेठेत, जाऊन बघ, पाच ग्रॅमची एक साधी अंगठी होते. आणि ५०० ग्रॅम म्हणजे अर्धा किलो, वाण्याकडची साखरेची पुडी. अंगठीएवढ्याला आणि पुडीएवढ्याला एकच शिक्षा. हा कायदा घाईत झाला, त्या जूनमधे एका नावाजलेल्या तरुण बास्केटबॉलपटूचा कोकेननं मृत्यू झाला होता आणि देश हादरला होता, गंमत म्हणजे, गंमत कसली, त्यानं घेतलेली पावडर होती असं नंतर समोर आलं. क्रॅकखाली केंद्राच्या कोर्टात शिक्षा झालेल्यांत काळे ऐंशी टक्क्यांहून जास्त असायचे, वापरणाऱ्यांच्या सर्वेक्षणात मात्र गोरेच जास्त. कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठंही नाही. जज्जनं मनापासून, डोळे झाकून, प्रामाणिकपणे कायदा लावला तरी तफावत पडणारच होती. २०१० मधे शंभरास एक हे प्रमाण अठरास एक केलं, २८ ग्रॅमवर आणलं, आणि आधीच आत बसलेल्यांना त्याचा फायदा मिळायला २०१८ उजाडलं.

अजून एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही, तिथं खटला असा चालतच नाही फारसा. शंभरातल्या नव्वदहून जास्त शिक्षा कबुलीच्या सौद्यावर होतात, सरकारी वकील म्हणतो हे कलम लावतो आणि दहा वर्षं मागतो, नाहीतर आत्ता सही कर, ते कलम काढतो, तीन वर्षांत भागवू. कुठलं कलम लावायचं हे सरकारी वकील बंद दाराआड ठरवतो. आणि जो जामिनावर बाहेर आहे तो घासाघीस करतो, जो आत आहे तो सही करतो. जज्जसमोर येतं ते शेवटचं पान.

बाबांना हे सगळं सांग, आणि त्यांनी कान धरला तर माझं नाव सांग.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक. इतकी आकडेवारी आहे तर एखादा आरोपी ती घेऊन कोर्टात का जात नाही? सरळ सिद्ध करावं, आणि सुटावं. (गडहिंग्लज)

गेला होता सर. आणि आकडेही असे होते की तुम्ही खूष झाला असता.

वॉरन मॅक्लेस्की नावाचा काळा माणूस. १९७८ मधे अटलांटात फर्निचरच्या दुकानावर दरोडा पडला, त्यात एक गोरा पोलीस मारला गेला. ज्यूरीत अकरा गोरे, एक काळा. फाशी. त्याच्या वकिलांनी डेव्हिड बाल्डस नावाच्या प्राध्यापकाचा अभ्यास कोर्टात ठेवला, जॉर्जिया राज्यातल्या सत्तरच्या दशकातल्या दोन हजारांहून जास्त खुनांच्या केसेस, प्रत्येकीच्या दोनशेतीस बाबी नोंदलेल्या. साधी आकडेवारी अशी निघाली, आरोपी काळा आणि मेलेला गोरा तर शंभरात २२ फाशी, दोघंही गोरे तर ८, आरोपी गोरा आणि मेलेला काळा तर ३, दोघंही काळे तर १. मग इतर कारणं वजा करत करत गेले तरी शेवटी उरलंच, मेलेला गोरा असेल तर फाशीची शक्यता ४.३ पट. म्हणजे सर, सगळ्यात मोठा फरक आरोपीच्या कातडीनं पडत नव्हता, मेला कोण यानं पडत होता. ज्याच्या मरणाची किंमत कमी त्याच्या मारेकऱ्याची शिक्षा कमी. हे वाक्य वाचून मला आपल्याकडचीच दोन-चार गावं आठवली, असो.

१९८७ मधे सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, पाच विरुद्ध चार, मॅक्लेस्की हरला. कोर्टानं आकडे खोटे म्हटले नाहीत. आकडे खरे धरूनच म्हणालं, पण तुझ्या केसमधे, तुझ्या ज्यूरीनं मुद्दाम भेदभाव केला हे यातून सिद्ध होत नाही. आणि पुढं असंही, की हे मान्य केलं तर सगळ्या फौजदारी न्यायव्यवस्थेवरच प्रश्न उभा राहील. त्यावर विरोधी मत लिहिताना न्या. ब्रेनन यांनी जे म्हटलं ते आमच्या वकिलांच्यात अजून सांगतात, ही तर जास्तीच्या न्यायाची भीती झाली.

तुम्हाला गणितात सांगते. एक फासा खोटा आहे, लाख वेळा टाकून दाखवलं, सहा जास्त येतात. कोर्ट म्हणतं, मान्य, पण या खेपेला सहा आले ते खोटेपणामुळंच आले हे सिद्ध कर. कोण करणार?

निकाल लिहिणारे न्या. पॉवेल निवृत्त झाले, १९९१ मधे त्यांच्या चरित्रकारानं विचारलं, एखादं मत बदलाल का? म्हणाले हो, मॅक्लेस्कीचं. पाच-चारचं चार-पाच झालं असतं. त्याच वर्षी सप्टेंबरात मॅक्लेस्कीला विजेच्या खुर्चीत बसवलं.

नंतर एक-दोन राज्यांनी वाट काढली, नॉर्थ कॅरोलायनानं २००९ मधे कायदा केला की अशी आकडेवारी पुरावा म्हणून चालेल, आणि २०१३ मधे मागे घेतला. कॅलिफोर्नियानं २०२० मधे केला, तो आहे.

प्रश्न : मॅडम, माणूस आला की भेदभाव आला. शिक्षा कॉम्प्युटरवर सोपवली की प्रश्नच मिटला. मी स्वतः सॉफ्टवेअरमधे आहे. (इचलकरंजी)

करून झालंय हे. कॉम्पास नावाचं सॉफ्टवेअर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी वापरतात, आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याला एक ते दहा गुण देतं. त्यात जात-वंश विचारतच नाहीत. पण तुझ्या आईबापांपैकी कुणी तुरुंगात गेलं होतं का हे विचारतात. ज्या वस्तीत पोलिसांची गाडी दिवसातून चारदा फिरते तिथल्या पोराचं उत्तर काय येणार, तुम्हीच सांगा. २०१६ मधे फ्लोरिडातल्या एका काउंटीतल्या सात हजारांहून जास्त लोकांचे गुण पत्रकारांनी पुढं दोन वर्षं काय झालं याच्याशी ताडून बघितले, ज्यांनी पुन्हा काही केलंच नाही अशा काळ्यांतल्या सुमारे ४५ टक्क्यांना धोकादायक म्हटलं होतं, तशाच गोऱ्यांतल्या सुमारे २३ टक्क्यांना. कंपनी म्हणाली आमचा सात गुण म्हणजे काळ्याला काय गोऱ्याला काय सातच, तेवढ्याच टक्के लोकांनी परत गुन्हा केला. आणि मजा अशी की दोघंही खरे आहेत, दोन गटांत मुळातच अटकेचं प्रमाण वेगळं असेल तर दोन्ही प्रकारची समानता एकावेळी साधता येत नाही हे गणितानं सिद्ध झालंय. तुम्ही सॉफ्टवेअरवाले, तुम्हाला माहीत असेल, कचरा घातला की कचराच येतो. इथं कचरा दिसतही नाही, दशांशात येतो.

प्रश्न : तुम्ही अमेरिकेचं कौतुकानं सांगता. आपल्याकडे काळे-गोरे नाहीत. आपला काय संबंध? (एक वाचक, कागल)

कागलकर, शाहू महाराजांच्या माहेरच्या गावातून हा प्रश्न यावा! (हो, महाराज कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले, तुम्हाला काय सांगायचं.)

इंग्रजांनी १८७१ मधे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात माणसानं काही करायची गरज नाही, जन्मला की गुन्हेगार. मुंबई इलाख्यात तो १९११ च्या सुमारास आला, सोलापूरला तारेचं कुंपण घालून सेटलमेंट म्हणजे या जमातींना कोंडायची वसाहत केली, आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. आणि आपल्या कोल्हापूर संस्थानात, महार-मांग-रामोशी-बेरड यांना गावात रोज हजेरी द्यावी लागायची, ती हजेरी महाराजांनी १९१८ मधे बंद केली. फासेपारध्यांना तर जवळ बोलावून सोनतळीच्या कॅम्पवर पहाऱ्याला ठेवलं. चोर म्हणून ज्याच्यावर पहारा, त्यालाच पहाऱ्यावर. इंग्रजी कायदा १९५२ मधे ३१ ऑगस्टला गेला, म्हणून तो विमुक्त दिन. पण त्याच्या जागी राज्याराज्यात सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे १९५९ चा आहे.

आता अमेरिकेच्या तक्त्यातलं ते आडवं बोट आठवा.

एक गोष्ट सांगते, माझीच आहे. तीसेक वर्षं झाली, मी नवी नवी सनद घेतलेली, एका तालुक्याच्या कोर्टात सिनियरांच्या मागं फाईली घेऊन पळायची. उसाच्या रानातली, विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली. पोरं दोन धरली, एकोणीस-वीस वर्षांची. एक गावातल्या दुकानदाराचा, एक माळावरच्या पारध्यांच्या पालातला. मोटर दोघांनी मिळूनच उचलली होती, एकाच सायकलवरून, एकानं धरली एकानं चालवली. कलम एक. दुपारी दोघांना जामीन, रक्कमही एकच, आमचे जज्जसाहेब अतिशय सरळ माणूस, पान खायची सोडून एक वाईट सवय नाही. दुकानदार सातबारा घेऊन आला, तलाठ्याला गाठला, ऐपतीचा दाखला आला, मामा जामीनदार, पोरगा संध्याकाळी घरी चहा पीत होता. दुसऱ्याकडे सातबारा कुठला? त्याच्या आईनं माझ्यासमोर कमरेची पिशवी सोडली, तीत रेशनकार्डाचा तुकडा होता, घडीवर फाटलेला, आणि एक चांदीचं कडं. म्हणाली हे ठेवा. कडं ठेवून जामीन होत नाही गं बाई, असं मी म्हणाले, तिला ते कळलं नाही आणि मला समजावता आलं नाही.

पोरगं चार महिने आत. मग सिनियर म्हणाले, कबुली देऊन टाकू, भोगली तेवढीच शिक्षा होईल, मोकळा. आणि त्याला हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. मीच सांगितलं, कबूल कर बाळा, उद्या घरी जाशील. त्यानं केलं. गेला घरी. मला वाटलं किती चांगलं काम झालं, संध्याकाळी घरी येताना भेळ खाल्ली त्या आनंदात.

दुकानदाराच्या पोराची केस दोन वर्षं चालली, साक्षीदारानं ओळखलं नाही, निर्दोष.

मग कधीतरी शेजारच्या गावात इंजिन चोरीला गेलं. पहिल्यांदा कुणाला उचलला असेल? मी त्या दिवशी दुसऱ्याच कामाला कोर्टात होते. सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, आरोपी रेकॉर्डवरचा आहे साहेब, सराईत आहे. साहेबांनी कागद बघितला, कागदावर शिक्षा होती, खरीच होती. त्यांनी या खेपेला दोन वर्षं दिली. कुणीही चूक काही केली नाही हो. तेच साहेब, तोच कायदा, प्रत्येक कागद जागच्या जागी. ते रेकॉर्ड तयार केलं होतं मी.

आता तुम्ही म्हणाल एका केसवरून काय ठरवायचं. बरोबर, आणि अडचण तीच आहे की आपल्याकडे शिक्षेसाठी तसला तक्ताच नाही, कलमात ‘तीन वर्षांपर्यंत’ लिहिलेलं असतं, त्यात एक दिवसही बसतो आणि तीन वर्षंही. २००३ मधे मलिमथ समितीनं शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं करा म्हणून सांगितलं, झाली नाहीत. जे मोजलं गेलंय ते फाशीचं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ मधे फाशीच्या कैद्यांचा अहवाल काढला, सुमारे ७६ टक्के मागास जाती-जमातींतले किंवा धार्मिक अल्पसंख्य, आणि जवळजवळ तेवढेच गरीब. यात अमेरिकेसारखं ‘बाकी सगळं सारखं धरून’ नाहीये, तेव्हा त्याला मॅक्लेस्कीचा अभ्यास समजू नका. पण आपल्याच महाराष्ट्रातली एक केस सांगते. २००३ मधे नाशिककडं एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतले सहा मजूर धरले, फाशी झाली, हायकोर्टानं त्यातल्या तिघांची जन्मठेप केली, पण २००९ मधे सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशीच दिली. नंतर कळलं की वाचलेल्या साक्षीदारानं पोलिसांच्या अल्बममधून भलत्याच चौघांचे फोटो ओळखले होते आणि ते बाजूलाच ठेवलं गेलं होतं. मार्च २०१९ मधे त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, पाच-पाच लाख भरपाई द्यायला लावली. सोळा वर्षं. अशा अल्बममधे एखाद्या डॉक्टरचा मुलगा असता तर, हा विचार मी करत नाही, झोप येत नाही मग.

आणि तुरुंगाचं विचाराल तर ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं जेल मॅन्युअलमधली जातीवरून कामं वाटायची कलमं रद्द केली, झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून लिहिलेलं होतं, २०२४ पर्यंत! कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा म्हणाले, आणि विमुक्त जमातीचा माणूस म्हणजे सराईत असं धरणाऱ्या तरतुदीसुद्धा गेल्या.

तेव्हा संबंध आहे, कागलकर.

प्रश्न : तुम्हाला फक्त चोरांचीच दया. ज्याची मोटर गेली त्याचं काय? (नाव दिलेलं नाही)

त्याची मोटर मिळाली नाही. पारध्याच्या पोराला आत घातलं म्हणून त्याच्या उसाला पाणी मिळालं नाही. आणि वर गडहिंग्लजच्या सरांना लिहिलंय ते परत वाचा, तफावतीत सगळ्यात स्वस्त ठरतं ते दुबळ्या माणसाचं मरण.

प्रश्न : वकीलबाई, आमच्याकडं बीडकडची ऊसतोडीची टोळी आली आहे. त्यातल्या एका पोराला मारामारीत धरलं, सव्वा महिना झाला जामीन मंजूर होऊन, पण कोर्ट म्हणतंय पंचवीस हजाराचा स्थानिक जामीनदार द्या. त्याला इथं कोण ओळखतंय? मी दिला असता पण घरचे नको म्हणतात. पोरगं कळंब्याच्या जेलमधे आहे. (एक शेतकरी, शिरोळ तालुका)

घरच्यांना राग येऊ देऊ नका, त्यांचं भ्याणं खरं आहे, पोरगं तारखेला नाही आलं तर रक्कम तुमच्याकडून वसूल होते. तुम्ही जामीनदार न होताही मार्ग आहेत.

हा प्रश्न जुना आहे बघा. १९७८ मधे सुप्रीम कोर्टापुढं मोतीराम नावाच्या गवंड्याची केस आली, दहा हजाराचा जामीन, आणि भावाची जामीनकी नाकारली कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्या. कृष्णा अय्यर यांनी ते उडवून लावलं, रक्कम हजारावर आणली. आणि २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं परत सांगितलंय की स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळं सुटका अडते, अशी अट घालू नये. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अट बदलू शकतं. तुमचा सव्वा महिना झालाय, म्हणजे हक्कानं मागा.

काय करायचं तर, कोल्हापुरात कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं जा, जामिनाच्या आदेशाची प्रत बरोबर न्या, नसेल तर केस नंबर न्या. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कुणी मागितला तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ दाखवा. फोनवर १५१०० ला विचारलं तरी चालतं. अर्जात तीन गोष्टी मागायला सांगा, स्थानिक ही अट काढा, नाहीतर रक्कम कमी करून तात्पुरता रोख जामीन घ्या, नाहीतर वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडा. मुकादमाचं पत्र जोडा, कारखान्याच्या टोळीच्या करारावर त्याचं नाव असेल त्याची झेरॉक्स जोडा, बीडच्या गावातल्या सरपंचाचा रहिवासाचा दाखला व्हॉट्सअॅपवर मागवा आणि मूळ प्रत मागून येऊ दे. इथं नाही झालं तर वर जायला आता मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच बसतंय, चाळीस वर्षं भांडून मिळवलंय ते, वापरा.

आणि एक काम तेवढं नक्की करा. कळंब्याला मुलाखतीला जाल तेव्हा त्या पोराला सांगा, कंटाळून कबुली देऊ नकोस, कुणीही कितीही मायेनं सांगितलं तरी, बाईमाणूस वकील असली तरी. हंगाम संपून टोळी परत गेली की त्याच्यासाठी हेलपाटे घालायला इथं कुणी उरणार नाही, म्हणून याच आठवड्यात जा, सोमवारी गर्दी असते, मंगळवारी सकाळी जा.